तासाभराची चराई

मला वाचता येत नव्हतं म्हणून प्राणीगृहात नोकरी लागली.

दंडोबाच्या डोंगरापलीकडे जो माळ आहे, तिथं मी आधी बापाबरोबर आणि मग लगमाबरोबर, म्हणजे माझ्या बायकोबरोबर, चाळीस वर्षं मेंढरं चारली. पुढे माळावर पवनचक्क्या आल्या. त्यांच्यामागून कुंपण आलं आणि कुंपणाच्या आत मेंदूच्या आजारांवर संशोधन करणारं केंद्र उभं राहिलं. चरायला रान उरलं नाही तेव्हा कळप मी पुतण्याच्या, बिरूच्या हवाली केला आणि त्याच कुंपणाच्या फाटकावर काम मागायला उभा राहिलो. वय अठ्ठावन्न.

केंद्राचे संचालक देशिंगकर सर यांनी एक कागद माझ्यापुढे सरकवला. "वाचा पाहू."

"न्हाई येत, साहेब."

"काहीच नाही?"

"आकडं येत्यात. मेंढरं मोजायपुरतं."

सर खूश झाले. एखाद्याचं अडाणीपण ऐकून खूश झालेला माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. कारण नंतर कळलं. माझ्या आधीचा गडी कार्यालयातल्या याद्या चोरून वाचायचा आणि कुठल्या उंदराला औषध मिळालंय ते सगळ्यांना सांगत फिरायचा. प्रयोगात ते चालत नाही. खरं औषध कुणाला आणि नुसतं मिठाचं पाणी कुणाला, हे उंदीर सांभाळणाऱ्याला, त्यांची परीक्षा घेणाऱ्याला, वेळ मोजणाऱ्याला, कुणालाच माहीत नसावं लागतं. माहीत असलं की माणसाचा हात नकळत एका बाजूला झुकतो.

तीन वर्षं मी पिंजरे धुतले, भुसा बदलला, पाण्याच्या बाटल्या भरल्या. मग मिरजेच्या डॉक्टर नसरीन मुजावर केंद्रात आल्या. वय पस्तिशीचं, चालणं वाऱ्यासारखं, आणि बोलणं त्याहून. मला का ठेवलंय हे कळल्यावर त्या भडकल्या.

"पिंजऱ्यांवर नुसते आकडे असतात, मामा. कुठला आकडा कुठल्या गटात, ते कुलूपबंद संगणकात. तुम्ही वाचायला शिकलात म्हणून काही बिघडत नाही. आणि तुमच्या अडाणीपणावर माझा प्रयोग उभा राहणार असेल, तर तो न झालेला बरा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिंजऱ्यावरच्या जुन्या कार्डांचा गठ्ठा आणला. त्या कोऱ्या पाठींवर एकसष्टाव्या वर्षी मी अक्षरं गिरवायला लागलो. मॅडम चहा पिता पिता माझं कार्ड तपासायच्या. "मामा, हा 'ध' आहे की शिंग मोडलेला बोकड?" दोन वर्षांत मी उंदरांच्या खाद्याच्या पोत्यावरचं सगळं वाचू लागलो, मग भिंतीवरच्या सूचना, मग वर्तमानपत्र. माझी सही मी घरी लगमाला दाखवली, तेव्हा ती म्हणाली, "ह्ये तुमचं नाव? लईच वाकडं हाय." आणि हसली. तेव्हा ती बरी होती.

लगमाचं बिघडलं ते कसं कळलं तेही सांगतो. संध्याकाळी कळप तळावर आला की दिवसभर मागं राहिलेली कोकरं आयांना पाजायला सोडतात. कोकरू चुकीच्या मेंढीखाली गेलं तर मेंढी त्याला ढुसणी मारते. दीडशे मेंढ्या आणि साठ-सत्तर कोकरं, कुठलं कुणाचं हे लगमा एका नजरेत ओळखायची. एकदा आम्ही बिरूच्या तळावर पाहुणे गेलो होतो. तिथं तिनं एक कोकरू उचललं आणि चुकीच्या मेंढीखाली धरलं. मेंढीनं ढुसणी मारली. लगमानं तेच कोकरू पुन्हा त्याच मेंढीखाली धरलं. मग तिसऱ्यांदा. बिरूची बायको हसायला लागली. मी हसलो नाही.

वर्षभरात ती घरातून निघून जायला लागली. विकलेल्या, मेलेल्या मेंढ्या शोधायला. एकदा हमरस्त्यावर सापडली, दोन्ही बाजूंनी ट्रक जात होते. आमच्या दोन्ही लेकी लांब सासरी. त्या दिवसापासून मी कामाला जाताना तिच्यापुढे भाकरी-पाणी ठेवायचो आणि बाहेरून कडी घालायचो.

हे मुजावर मॅडमना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मामा, तुम्ही ज्या उंदरांचा भुसा बदलता ना, त्यांना हाच आजार आहे."

त्यांनी समजावलं ते असं. उंदराला आपोआप हा आजार होत नाही. माणसाच्या ज्या जनुकातल्या बिघाडानं तो होतो, तो भाग उंदराच्या बीजात घालावा लागतो. मग उंदीर म्हातारा होताना त्याच्या मेंदूत एका प्रथिनाचे तुकडे साचायला लागतात.

"मेंढीच्या लोकरीत गोखरू अडकतो, बरोबर? मग काय होतं?"

"त्याच्याभोवती लोकर गुंतत जाती. गाठ व्हती. कातरल्याबिगर सुटत न्हाई."

"मेंदूत तेच होतं. ते तुकडे म्हणजे गोखरू. आमची लस म्हणजे राखणीच्या कुत्र्याला दिलेला वास. शरीराचे राखणदार तो वास ओळखायला शिकतात आणि गोखरू लहान असतानाच वेचून काढतात."

"मग सोप्पं हाय की."

"सोपं नाही. पूर्वी एका लशीनं राखणदार इतके खवळले, की काही माणसांच्या मेंदूलाच सूज आली. म्हणून आपण गोखरूचा अगदी छोटासा टोकाकडचा भाग घेतलाय, आणि लस टोचत नाही, नाकात थेंब टाकतो. उंदरांत जमलं, तर पुढच्या वर्षी माणसांवर चाचणी. लगमामावशींचं नाव पहिल्या यादीत घालते. पण आधी उंदरांत जमलं पाहिजे."

त्या दिवसापासून मी उंदरांकडे वेगळ्या नजरेनं बघू लागलो. माझी चूक तिथूनच सुरू झाली.

अठ्ठेचाळीस माद्या होत्या, काळ्या, प्रत्येकीला वेगळा पिंजरा. एकत्र ठेवल्या तर एकमेकींची नाकं चाटतात आणि एकीची लस दुसरीला लागायची भीती, म्हणून वेगळ्या. चोवीस जणींना लस, चोवीस जणींना मिठाचं पाणी. कुणाला काय ते कुणालाच ठाऊक नाही. त्यांना पिंजऱ्यात कापसाचा चौकोन मिळायचा. धडधाकट उंदीर तो कुरतडून सकाळपर्यंत गोल घरटं करतो. महिना-दोन महिन्यांनी माझ्या लक्षात आलं, की काही जणींचा कापूस सकाळी जसाच्या तसा पडलेला असतो. त्या कोपऱ्यात अंग चोरून बसायच्या.

मेंढपाळाला कळपातलं मलूल जनावर आधी दिसतं. मी अशा सोळा जणी हेरल्या. त्यांना मी ठेवलेली नावं होती. कानफाटी, आखूडशेपटी, लंगडी, भित्री. आणि मला जे आयुष्यभर येत होतं तेच मी केलं. मेंढरू एकटं कोंडलं तर ते खाणं सोडतं. त्याला कळपात सोडावं लागतं.

दुपारी दोनला सगळे जेवायला जायचे. भुसा बदलायच्या खोलीत एक मोठा टब होता. त्यात मी पुठ्ठ्याच्या नळ्या टाकल्या, भुशाचे ढीग केले, एक चाक ठेवलं, मूठभर बाजरी इकडेतिकडे लपवली आणि त्या सोळा जणींना तासभर एकत्र सोडलं. पहिले चार दिवस त्या टबाच्या कडेला चिकटून बसल्या. पाचव्या दिवशी आखूडशेपटी नळीत शिरली, तिच्यामागं भित्री शिरली. पंधरा दिवसांत टबात जत्रा भरायला लागली. तीन वाजता मी एकेकीला ओळखून आपापल्या पिंजऱ्यात ठेवायचो. आकडा बघावा लागायचा नाही.

एकमेकींना चाटू देऊ नका असं मॅडमनी सांगितलं होतं. ते मी ऐकलं होतं. पण मनात म्हणालो, ह्या मलूल आहेत म्हणजे ह्यांना लस मिळालेलीच नाही. काय लागायचंय? मोठ्या शहाणपणानं मी ते ठरवून टाकलं आणि कुणाला विचारलं नाही. सात महिने, रोज.

संध्याकाळी घरी कडी काढली की लगमा विचारायची, "काय केलंसा दिवसभर?"

"चारायला न्हेली हुती."

"मेंढरं?"

"उंदरं."

तिला त्याचं फार हसू यायचं. रोज नव्यानं.

सात महिन्यांनी परीक्षा झाली. एक मोठं गोल टाकं, त्यात पांढरं गढूळ पाणी. पाण्याखाली एका जागी छोटासा ओटा, वरून न दिसणारा. भिंतींवर त्रिकोण, गोल अशा खुणा. उंदराला पाण्यात सोडतात. त्याला पोहता येतं पण आवडत नाही, म्हणून तो ओटा शोधतो. आठ दिवस शिकवल्यावर शाबूत मेंदूचा उंदीर खुणा बघून सरळ ओट्यावर जातो. विसरभोळा गोल गोल फिरत राहतो. मिनिटभरात सापडला नाही तर त्याला बाहेर काढतात. मी टॉवेल घेऊन उभा असायचो. कानफाटी बारा-पंधरा सेकंदांत ओट्यावर चढली तेव्हा मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

गुरुवारी संगणकाचं कुलूप उघडलं. पुढच्या सोमवारी सगळ्या उंदरांना कायमचं झोपवून त्यांचे मेंदू तपासायचे होते. काहींच्या मेंदूची चित्रं यंत्रातून आधीच काढून झाली होती. दुपारी मी बैठकीच्या खोलीतले कप उचलायला गेलो, तर खोली रिकामी होती आणि फळ्यावर मॅडमचं अक्षर होतं. मी बोट न फिरवता वाचलं.

लस : सव्वीस सेकंद. पाणी : तीस सेकंद. उल्लेखनीय फरक नाही.

खाली छोट्या अक्षरांत लिहिलं होतं : गोखरू कमी झाले, स्मरणात फायदा नाही. प्रकल्प बंद करण्याची शिफारस.

गोखरू हा शब्द मॅडमनी माझ्या मेंढरांवरून उचलला होता. तो फळ्यावर बघून मला एरवी आनंद झाला असता. मी तिथंच खुर्चीवर बसलो, ज्या खुर्चीवर मी कधी बसलो नव्हतो. लगमाची यादी गेली.

टेबलावर कागद पडला होता. एका बाजूला लसवाल्या, दुसऱ्या बाजूला पाणीवाल्या, प्रत्येकीचा आकडा आणि तिला लागलेले सेकंद. पाणीवाल्यांत सगळ्यात चपळ कोण ते मी बघायला लागलो. सात. अकरा. चौदा. एकोणीस. बावीस. आकडे वाचत होतो आणि डोळ्यांपुढे तोंडं येत होती. लंगडी, भित्री, आखूडशेपटी, कानफाटी. चौदा जणी. चौदाही माझ्या टबातल्या. उरलेल्या दहा पाणीवाल्यांना चाळीस-पन्नास सेकंद लागले होते. टबातल्या दोघी मात्र लसवाल्या निघाल्या. माझा अंदाज तिथंही चुकला होता. पण त्या दोघींना बारा सेकंदसुद्धा लागले नव्हते.

लस हरली नव्हती. ज्या पाणीवाल्यांशी तिची शर्यत होती त्यांनाच मी रोज दुपारी खांद्यावरून नेऊन पुढं ठेवलं होतं.

मला अक्षर येत नसतं, तर मी कप उचलून निघून गेलो असतो. उंदरं हुशार झाली म्हणून खूश होऊन घरी गेलो असतो. आणि लस कचऱ्यात गेली असती.

कबूल केलं तर नोकरी जाणार हे मला दिसत होतं. मॅडमचंही नाव खराब होणार, की यांच्या नाकाखाली सात महिने हे चाललं होतं. त्यापेक्षा गप्प राहावं? चार वाजता घरी निघालो तेव्हा माझं काहीच ठरलं नव्हतं.

कडी काढली. लगमा कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. सकाळी ठेवलेलं घोंगडं तसंच घडीचं पडलेलं. भाकरीला हात लावलेला नव्हता. मी दारातच थांबलो. असा कोपरा आणि असं घरटं न केलेलं जनावर मी सात महिने रोज सकाळी बघत होतो.

तिनं मान वर केली. "आलासा? चरली का उंदरं?"

"चरली."

"आन् मला कवा सोडताय?"

तिनं ते रागानं विचारलं नव्हतं. किती वाजले असं विचारावं तसं विचारलं. मी खाली बसलो. मग उठलो, पेचकस आणला आणि दाराची कडी कोयंड्यासकट उपटून काढली.

शुक्रवारी सकाळी लगमाला हाताला धरून केंद्रात घेऊन गेलो. तिला आवारातल्या लिंबाखाली बसवलं. तिथं मेलेल्या उंदरांसाठी मी मांडलेला एक दगड होता. उंदरांची एक तुकडी संपली, की त्या दगडाला मी चिमूटभर भंडारा लावायचो. देशिंगकर सरांना ते पटत नव्हतं, पण कुणी दगड हलवला नव्हता.

मुजावर मॅडम खोके भरत होत्या. मी सगळं सांगितलं. टब, नळ्या, बाजरी, दोन ते तीन. त्यांच्या हातातलं खोकं खाली आलं.

"सात महिने, मामा?"

"व्हय."

"मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही?"

"मेंढरं चारायला न्यायची तर कुणाला इचारत न्हाईत, मॅडम. त्याच डोस्क्यानं केलं. चुकलं."

त्या खूप बोलल्या. त्यातलं सगळं इथं लिहीत नाही, पण एकही शब्द खोटा नव्हता. आपण ज्याला अक्षर शिकवलं त्यानंच आपला प्रयोग मोडला, असंही म्हणाल्या. मी मान खाली घालून ऐकलं. बोलता बोलता त्या एकदम थांबल्या आणि संगणकाकडे धावल्या.

प्रत्येक पिंजऱ्याखाली वजनकाटा होता. उंदराचं वजन दिवसरात्र आपोआप नोंदलं जायचं. पिंजरा उचलला की नोंद तुटायची आणि संगणक तिथं 'सफाई' असं लिहायचा. बाकीच्यांची सफाई दहा मिनिटांची होती. सोळा जणींची रोज एक तासाची, सात महिने. सगळ्यांनी ते बघितलं होतं. म्हातारा माणूस आहे, हात हळू चालतो, असं समजून सोडून दिलं होतं.

देशिंगकर सर आले. म्हणाले, "सोपं आहे. लसवाल्या दोघींनी बाकीच्यांची नाकं चाटली, लस पसरली. सगळा प्रयोग बाटला. याला घरी पाठवा आणि सोमवारचं काम उरका."

"लस लागली असेल तर रक्तात दिसेल, सर," मॅडम म्हणाल्या. "सोमवारपर्यंत वेळ आहे."

शनिवार-रविवार त्यांनी रक्ताचे थेंब तपासले. लशीनं तयार होणारे राखणदार त्या चौदा जणींच्या रक्तात एकही नव्हते. लस पसरली नव्हती. त्यांचा मेंदू सावरला होता तो टबातल्या त्या तासानं. सोबतीनं, लपवलेली बाजरी शोधण्यानं, नळ्यांत वाट चुकण्यानं आणि ती पुन्हा सापडण्यानं.

"आणि त्या दोघी?" मी विचारलं. "लस बी आन् चराई बी?"

"दोन उंदरांवर विज्ञान उभं राहत नाही, मामा," मॅडम म्हणाल्या. पण त्यांचे डोळे चमकत होते. "पुन्हा करावं लागेल. चार गट. नुसती लस, नुसती चराई, दोन्ही, आणि काहीच नाही. चौदा महिने लागतील."

माझी नोकरी गेली. जायलाच हवी होती. जाताना मॅडमनी माझ्यापुढे कोरा कागद ठेवला. "केलंत ते सगळं लिहून द्या. टब केवढा, नळ्या किती, बाजरी कुठं लपवायचात. काही वगळायचं नाही. मी तुमच्यासाठी लिहिणार नाही."

दोन दिवस लागले. सही सोडून मी आयुष्यात लिहिलेली पहिली गोष्ट म्हणजे माझ्या गुन्ह्याची कबुली. मॅडमनी ती वाचली, तीन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं आणि पुढच्या प्रयोगात चराई कशी करायची त्याचा नियम म्हणून ती तशीच्या तशी भिंतीवर लावली.

त्या चौदा महिन्यांत मी लगमाला रोज बिरूच्या कळपात नेलं. बिरूच्या बायकोनं पहिल्या दिवशी तोंड वाकडं केलं. "काकी कुठं भरकटली तर कुणी बघायचं?" मी म्हणालो, "मी हाय की. मला आता दुसरं काय काम हाय?" हळूहळू त्या घरानं लगमाला वाटून घेतलं. कुणी तिच्याकडून लोकर पिंजून घ्यायचं, कुणी तिला जुनी गाणी म्हणायला लावायचं. ती बरी झाली असं म्हणणार नाही. लेकींची नावं गेली. पण ती कोपऱ्यात बसली नाही, आणि घोंगडं रोज स्वतः अंथरायची. कळपासारखी जागा नाही हे मी उंदरांसाठी ओळखलं आणि बायकोसाठी विसरलो, ही लाज मात्र मनातून गेली नाही.

दुसऱ्या खेपेला लस जिंकली. चराई जिंकली. दोन्ही मिळालेल्या उंदरांनी तर टाक्यातला ओटा असा गाठला, जणू त्यांना आजार नव्हताच. यावेळी त्या दोन नव्हत्या, चोवीस होत्या. मॅडमनी केंद्रातून दूरध्वनी केला तेव्हा मी माळावर होतो. त्या नुसत्या म्हणाल्या, "मामा, फरक आहे." आणि रडायला लागल्या.

मग माणसांची चाचणी आली. साठ म्हातारी माणसं, आसपासच्या गावांतली. चराई सगळ्यांना. लस मात्र निम्म्यांनाच, बाकीच्यांच्या नाकात मिठाचं पाणी. कुणाला काय ते दोन वर्षं कुणालाच कळणार नव्हतं.

फॉर्मवर नाव लिहायचं होतं. मी लिहिलं : धुळाप्पा सिदू गोफणे. नाते : नवरा. लगमा माझ्या खांद्यावरून बघत होती.

"काय ल्हिलंसा?"

"नवरा."

"कुणाचा?"

"तुझा."

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "बरं झालं," म्हणाली, "मानूस बरा दिसतोय."

नर्स तोंडावर हात धरून बाहेर पळाली.

दोन वर्षांत मला एकदाही मॅडमना विचारावंसं वाटलं नाही असं नाही. रोज वाटायचं. पण माणसाचा हात कसा झुकतो ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक? मी विचारलं नाही. मॅडमनाही माहीत नव्हतं.

गेल्या महिन्यात कुलूप उघडलं. लसवाल्या तीस जणांचा आजार जवळजवळ जागच्या जागी थांबला होता. पाणीवाल्यांचा पुढे सरकला होता, पण डॉक्टर धरून चालले होते त्यापेक्षा पुष्कळ हळू. मॅडम स्वतः कागद घेऊन आमच्या घरी आल्या. कडी नसलेल्या दारातून आत आल्या आणि कागद माझ्या हातात दिला. "तुम्हीच वाचा, मामा."

लगमा धुळाप्पा गोफणे : पाणी.

मी ते दोनदा वाचलं. राग यायला हवा होता. आला नाही. मला कानफाटी आठवली, आखूडशेपटी, लंगडी, भित्री. पाणी मिळालेल्या त्या चौदा, आणि ज्यांना नुसतं पाणी मिळालं, चराईही मिळाली नाही, त्या दहा. त्या नसत्या तर लस खरी की खोटी हे कशाच्या शेजारी ठेवून बघितलं असतं? आता त्या रांगेत माझी लगमा उभी होती. तिच्या दोन वर्षांच्या पाण्यामुळं कुणाच्या तरी आईला खरी लस मिळणार होती.

"आता पाणीवाल्या सगळ्यांना खरी लस द्यायचीय," मॅडम म्हणाल्या. "पहिलं नाव त्यांचं. गेलेलं परत येणार नाही, मामा. आहे ते राहील."

"आहे ते लई हाय," मी म्हणालो.

मॅडमच्या शोधनिबंधात शेवटी आभार आहेत. त्यात माझं नाव आहे, पदासकट : माजी प्राणीसेवक. मला ते वाचून दाखवताना त्यांनी विचारलं, "काही राहिलं का?" मी म्हणालो, उंदरांचं राहिलं. त्या म्हणाल्या, तशी पद्धत नाही. म्हणून मी हे लिहायला घेतलं.

काल सकाळी लगमाच्या नाकात तीन थेंब पडले. तिनं शिंक दाबून धरली, मॅडमनी सांगितलं होतं म्हणून. बाहेर आल्यावर मी तिला लिंबाखाली नेलं. माझा दगड तिथंच होता. आता त्याला माझ्याखेरीजही कुणी कुणी भंडारा लावतं, आणि परवा म्हणे देशिंगकर सरांनीच त्याच्याभोवती चार विटा रचून घेतल्या. मी कनवटीची पुडी सोडली आणि चिमूट लावली. हात जोडले. लगमानंही जोडले.

"कुनाचा द्येव?"

"उंदरांचा."

तिनं वाकून दगडावरचा भंडारा बघितला. "चरली का ती?"

"चरली."

"मग चला की," ती उठत म्हणाली. "आपली मेंढरं राहिल्याती." आणि फाटकाकडे माझ्या पुढं चालायला लागली.